साइड ड्रमचं पान

लग्नसराईत खामगावात संध्याकाळी कुठंही उभं राहावं. दोन-तीन गल्ल्यांपलीकडे वरात निघाली आहे, हे आधी साइड ड्रम सांगतो. ट्रंपेट त्यानंतर येतो, आणि गाणं कोणतं चाललंय हे त्याच्याही नंतर कळतं. ढोलाचा घुमारा भिंतींत मुरतो, साइडचा कडकडाट मात्र टिनांवरून, गच्च्यांवरून थेट कानावर येतो. हाच ड्रम, हाच वाजवणारा आणि ह्याच काड्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका छोट्या खोलीत माइकपुढं बसवल्या, की हेडफोनमध्ये ऐकू येतो तो पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. वाजवणारा ओशाळतो, रेकॉर्डिंग करणारा पोरगा डोकं खाजवतो आणि बहुतेक वेळा शेवटी कीबोर्डमधला तयार ड्रम लावून गाणं उरकलं जातं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लहान स्टुडिओंमधून निघणाऱ्या गाण्यांत खरा साइड ड्रम क्वचित ऐकू येतो, त्याचं माझ्या मते हे एक मोठं कारण आहे. पैसा आणि सवय ही कारणं आहेतच. पण रस्त्यासाठी लावलेला ड्रम खोलीसाठी पुन्हा लावावा लागतो, ही गोष्ट कुणी कुणाला सांगितलेली नसते.

इथला माणूस पत्ता सांगतानाच जिल्ह्याचे दोन भाग पाडतो, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा वर. खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद खाली. ज्या स्टुडिओत मी हा उद्योग बघत बसलो तो घाटाखालचा. भिंतींना गोधड्या, छताला अंड्यांचे ट्रे, कोपऱ्यात पंखा, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की तो बंद. मे महिना होता. खाली पारा त्रेचाळीसच्या पुढं सहज जातो, त्यामुळं एक टेक झाला की सगळे दारात. इथं भीमगीतं होतात, गजानन महाराजांची भजनं होतात, लग्नाची गाणी होतात. नावं छापू नका, असं मालक आणि ड्रमवाले काका दोघांचंही म्हणणं पडलं.

काकांचं घराणं डफड्याचं. ते म्हणाले, "बाबाचं डफडं होतं. पऱ्हाट्या पेटवाच्या अन् शेकाचं. माह्या हाती आलं तं चाबी आली."

चाबी म्हणजे पानाचे बोल्ट आवळायची किल्ली, आणि त्या एका वाक्यात वाद्यकामाचा मोठा बदल आहे. डफड्याचं पान म्हणजे शेळीचं कातडं. कातडं हवेतली ओल पितं आणि सैल पडतं. जाळाची धग लागली की पाणी उडून ते आकसतं आणि सूर चढतो. म्हणून वाजवणाऱ्याजवळ वाळलेला पालापाचोळा, कागद किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या हव्यातच. दर थोड्या वेळानं मिरवणूक थांबते, जाळ होतो, डफडी शेकली जातात. आपल्याकडच्या ताशालाही पूर्वी हेच करावं लागे. अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली या दोघांनी १९५६-५७च्या सुमारास पॉलिएस्टरच्या फिल्मची पानं बाजारात आणली आणि ड्रमवाल्याचं हवामानाशी असलेलं भांडण बरंचसं मिटलं. ही फिल्म पाणी पीत नाही. श्रावणातही आवाज तोच, वैशाखातही तोच. आता ताशावर आणि साइडवर तीच दिसते.

डफडं हे विदर्भात निव्वळ वाद्य कधीच नव्हतं. गावकीचं काम म्हणून ते ठरावीक जातींच्या गळ्यात अडकवलेलं होतं, लग्नापुढं तेच आणि प्रेतापुढंही तेच. आंबेडकरी चळवळीत महार समाजानं हे काम टाकलं. मातंग समाजातल्या अनेकांनी ते बँडच्या गणवेशात नेलं, झालरीचा कोट आणि टोपी चढवून. डफड्याला चाबी नव्हती, साइडला आहे, यात काकांना जो मान वाटतो तो फक्त सोयीचा नाही.

साइड ड्रम आला पलटणीतून. इंग्रजी फौजेच्या बँडमध्ये तो डाव्या मांडीलगत पट्ट्यानं लटकत असे. संस्थानांनी बँड ठेवले, मग शहरांत खासगी बँड निघाले, मग तालुक्यांत. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं भारतातल्या लग्नाच्या बँडवर 'ब्रास बाजा' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलंय, ते २००५ साली आलं. देशभरच्या बँडना वाद्यं पुरवणारं मोठं ठिकाण म्हणजे मेरठची जाली कोठी. काकांचा ड्रमही तिकडचाच, पत्र्याच्या कोठीचा, १४ इंच व्यासाचा, आठ बोल्टांचा. महागड्या ड्रमला सहसा दहा बोल्ट असतात. अमेरिकेतल्या लुडविग कंपनीचा 'सुप्राफॉनिक' हा १९६०च्या दशकापासूनचा अ‍ॅल्युमिनियमचा ड्रम जगात सर्वांत जास्त रेकॉर्ड झालेला मानतात, तो दहा बोल्टांचा. पण आठ बोल्टांवर चांगला सूर लागत नाही असं काही नाही. वेळ जास्त जातो, एवढंच.

साइडला दोन पानं. वरचं मारायचं, खालचं घुमायचं. वरचं साधारण पाव मिलिमीटर जाडीचं. खालचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ, कारण त्यानं थोड्या हवेवर हलायला हवं. खालच्या पानाला चिकटून वळणदार तारांची पट्टी, बहुधा वीस तारांची. वर काडी पडते, आतली हवा खालचं पान ढकलते, पान तारांना झटकतं, तारा परत पानावर आपटतात, आणि साइडचा तो खास 'खर्र' निघतो. तारा सैल सोडणारी एक खिट्टी बाजूला असते. ती खाली केली की उरतो साधा पोकळ ड्रम.

रेकॉर्डिस्ट पोरानं आधी ती खिट्टीच पाडली आणि ड्रम उलटा केला.

"खालून कायले सुरू करतं बा?" काकांनी विचारलं.

"काका, वरचं तुम्ही हातानं सांभाळता. खालचं कोन सांभाळते?"

खालचं पान त्यांनी कित्येक वर्षांत उघडलंच नव्हतं. बँडमधला बहुतेक जण फक्त वरची चाबी फिरवतो. रस्त्यावर खालच्या पानाचं फारसं कुणाला कळत नाही, कारण ट्रंपेटांच्या आणि ढोलाच्या गोंगाटातून पार जातो तो फक्त काडीचा टणत्कार. म्हणून वरचं पान चढव, चढव, चढव. मोबाइलवरच्या ट्यूनरनं काकांचं वरचं पान ३०० हर्ट्झच्या वर दाखवलं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, आणि सोबत डीजेचा ट्रक असेल तर विचारायलाच नको. अशा ठिकाणी उंच, कोरडा, टोकदार सूर हाच शहाणपणाचा. त्यात चुकीचं काही नाही. माइक मात्र पानापासून दोन बोटांवर असतो. त्याला अंतर कापायचं नसतं, म्हणून जे अंतरात गळून जातं ते सगळं त्याला ऐकू येतं: सैल बोल्टाची किणकिण, कड्याची कुरकुर, दोन बाजूंच्या असमान ताणामुळं होणारी सुराची थरथर.

मग जे झालं ते सावकाश झालं, आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी वाजवणारा असेल तर त्यानं हे सावकाशच वाचावं.

सगळे बोल्ट पूर्ण सैल. पान काढलं, कडं पुसलं, कोठीच्या काठावरून बोट फिरवलं. काठावर खड्डा किंवा वाळलेल्या रंगाचा गोळा असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. खालच्या बाजूला मात्र समोरासमोर दोन ठिकाणी काठ मुद्दाम किंचित खोल घासलेला असतो, तारा पानाला नीट टेकाव्यात म्हणून. तो दोष नव्हे. मग नवं पान, त्यावर कडं, आणि सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी जितके फिरतील तितके. त्यानंतर चाबी, पण शेजारशेजारच्या बोल्टांवर नाही. एक बोल्ट फिरवला की पुढचा त्याच्या बरोबर समोरचा, मग काटकोनातला, मग त्याच्या समोरचा. दर वेळी अर्धा फेरा. ताण चढू लागला की पाव फेरा. चाकाचे नट आवळणारा कुठलाही मेकॅनिक हे न शिकवता करतो. ड्रमवाले मात्र घाईत गोल फिरतात आणि पान एका बाजूला ओढलं जातं.

एक फेरी झाली की तळहातानं मधोमध दाबायचं. पान नवं असेल तर करकर आवाज येतो. येऊ द्यायचा, ते बसतंय. मग पुन्हा ताणायचं. त्यानंतर खरं काम. मधोमध बोट हलकं टेकवायचं आणि प्रत्येक बोल्टापासून दोन बोटं आत काडीच्या टोकानं टिचकी मारायची. बोटामुळं मुख्य सूर दबतो आणि काठाजवळचा बारीक सूर उघडा पडतो. आठही ठिकाणी तो एकसारखा यायला हवा. एखाद्या ठिकाणी खाली वाटला तर आधी त्याच्या समोरचाही तपासायचा, कारण गुन्हेगार पुष्कळदा समोर असतो. हे करताना पोरानं काकांना डोळे मिटायला लावले. कोणता बोल्ट उतरलाय ते त्यांना लगेच कळत होतं. गावोगाव शेकलेल्या डफड्यांवर तयार झालेला तो कान. त्याला फक्त खालच्या पानाकडं कुणी वळवलं नव्हतं.

खालचं पान घट्ट, वरचं त्याहून थोडं उतरलेलं. रेकॉर्डिंगमध्ये बहुतेकदा हेच जमतं, कारण खालच्या घट्टपणानं तारा चटकन बोलतात आणि वरच्या ढिलाईनं आवाजाला पोट येतं. वरचं पान शेवटी थांबलं १९६ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच. गाण्याच्या सुराशी साइड जुळवायलाच हवा असा नियम नाही. पण गाण्याच्या षड्जाला तो खुपत असेल तर गायकाला कारण न कळता त्रास होतो. इथं भजन पांढरी एकमध्ये होतं, पंचम मिळाला, सगळे खूश.

एवढं करूनही एक गुणगुण राहिलीच. प्रत्येक फटक्यानंतर मागं रेंगाळणारी, सुराशी नातं नसलेली. ती का असते याचं उत्तर एका भारतीयानं देऊन ठेवलंय. साध्या गोल ताणलेल्या पानाचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट असे सरळ येत नाहीत, ते १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे आडमुठे येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये आणि पुढं १९३४च्या सविस्तर निबंधात दाखवलं की तबला-मृदंगाच्या शाईमुळं हे आडमुठे स्वर ओळीत येतात, जवळजवळ पूर्ण पटींत. म्हणून तबला गातो. साइडला शाई नाही. त्याची गुणगुण कमी करता येते, सुरात आणता येत नाही.

कमी कशी करायची याची उदाहरणं शेगावातही रोज दिसतात. वारकरी पखवाजी कीर्तनाआधी डाव्या तोंडाला ओली कणीक लावतो. तिच्यानं सूर खाली येतो, फालतू झणत्कार मरतो. कणीक किती, कुठं, किती ओली हे त्याला कुणी मोजून दिलेलं नसतं. तबला-पखवाजाच्या गावात साइडच्या पानावर चिकट जेलची गोळी लावणं ही परदेशी युक्ती वाटायचं कारण नाही. त्या दिवशी तर कागदाची चौघडी टेपनं काठाजवळ चिकटवली, आणि पुरली. १९६९ साली 'ॲबी रोड'च्या रेकॉर्डिंगला रिंगो स्टारच्या ड्रमांवर चहाची भांडी पुसायचे टॉवेल टाकलेले होते. जगभर हे असंच चालतं. जास्त दाबलं मात्र, की ड्रम पुठ्ठ्यावर मारल्यासारखा होतो. काकांनी चौघडीची दुघडी केली. मला तीच बरी वाटली.

मग माइक. शुअर कंपनीचा एसएम ५७, १९६५ पासून बाजारात असलेला, जगातल्या बहुतेक साइड ड्रमांपुढं लागलेला. कड्यापासून दोन बोटं वर, तोंड पानाच्या मध्याकडं तिरपं. दुसरा माइक खालून, तारांकडं तोंड करून. इथं एक जागा आहे जिथं लहान स्टुडिओंची हटकून फसगत होते. काडी पडते तेव्हा वरचं पान वरच्या माइकपासून दूर जातं, खालचं पान खालच्या माइककडं येतं. दोघांची लाट उलटसुलट. दोन्ही आवाज तसेच मिसळले तर एकमेकांना खातात आणि ड्रमचं पोट गायब होतं. खालच्या माइकची लाट उलटवणारं एक बटण असतं, ते दाबलं की पोट परत येतं. पोरानं ते दाबून-सोडून दोनदा ऐकवलं. काकांनी हेडफोन काढून ड्रमकडं पाहिलं, आपला ड्रम बदलला का म्हणून.

अजून एक भूत होतं. कीबोर्डवाला खर्जात गेला की कुणी न मारता तारा थरथरायच्या. तारांच्या दोन्ही टोकांजवळचे, खालच्या बाजूचे चार बोल्ट चिमूटभर सैल केले, भूत बरंचसं गेलं. पूर्ण नाही. भजनात झांजा आहेत म्हणून राहिलेलं झाकलं गेलं, असा पोराचा हिशेब.

ड्रम हा रेकॉर्डिंगला सुरुवातीपासूनच त्रासदायक पाहुणा. १९२५पर्यंत आवाज भोंग्यातून थेट सुईवर जायचा, आणि जोराचा ढोल वाजला की सुई खाचेतून उडायची. त्यामुळं सुरुवातीच्या जॅझच्या तबकड्यांत ड्रमवाल्याला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागे. मग विजेचा माइक आला. त्या माइकपुढं हळू गाणाऱ्याचाही आवाज टिकू लागला, आणि मराठी भावगीताला तबकडीवर जागा झाली. त्या वाटेवर बुलढाणा जिल्ह्याचं एक नाव पक्कं आहे: मेहकरचे वकील आणि कवी ना. घ. देशपांडे. त्यांची 'शीळ' ही कविता ग. ना. जोशी यांनी गायली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीनं तिची तबकडी काढली. जोशीही वकिलीच शिकलेले, पुढं त्याच कंपनीत रेकॉर्डिंगच्या कामात गेले. तीन मिनिटांच्या त्या युगात तालवाद्याची जागा गायकाच्या मागं, गरजेपुरती. साइड ड्रम पुढं आला तो सिनेमात. मुंबईच्या स्टुडिओंत कावस लॉर्ड, त्यांचा मुलगा बुर्जोर, गोव्याचे लेस्ली गुडिन्हो असे ड्रमवाले आणि त्यांच्यासोबत मारुतीराव कीरांसारखे तालाचे जाणकार बसत, तेव्हा साइडचं पान कागदानं, कापडानं दाबून माइकजोगं केलेलं असे. आपले बँडवाले पिढ्यान् पिढ्या रेडिओ आणि कॅसेटवरून तीच गाणी उचलत आले. म्हणजे वरातीत जो ठेका उंच सुरात कडाडतो, त्याचा मूळ आवाज खोलीसाठी उतरवलेला होता. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मंग मी उलटं शिकलो म्हना की." उलटं नाही; रस्त्याची गरज वेगळी होती.

खोलीचाही वाटा मोठा असतो. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत दगडी भिंतींची एक खोली होती. १९८०च्या पीटर गॅब्रिएलच्या अल्बमसाठी तिथं फिल कॉलिन्सचे ड्रम रेकॉर्ड करताना ह्यू पॅजम या तंत्रज्ञानं खोलीचा गडगडाट आधी फुगवला आणि मग एकदम कापला, आणि पुढची दहा वर्षं जगातले निम्मे साइड ड्रम तसेच वाजले. आमच्याकडं गोधड्या होत्या. गोधड्या वरचे बारीक आवाज पितात, खालचे घुमारे तसेच ठेवतात, त्यामुळं खोली मेलेली आणि तरीही बोजड. पोरानं मागच्या भिंतीवरच्या दोन गोधड्या उतरवून प्लायवुडचा एक तुकडा उभा केला, ड्रम कोपऱ्यातून खोलीच्या मध्याकडं सरकवला. आवाजात एकदम उजेड आला.

टेक झाले. मधे दोनदा एक बोल्ट उतरला, नेहमी तोच, काकांची काडी जिथं कड्यावर पडते तिथला. त्याच्या आट्यांवर सुताचा धागा गुंडाळून तो बसवला.

मोठ्या स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं. पोट होतं, तारा होत्या, गुणगुण नव्हती. मालकानं मान हलवली. मग काकांनी खिशातला मोबाइल काढला. "याच्यावर लाव." पोरानं फाइल पाठवली, फोनच्या तळाच्या छिद्रांतून भजन सुरू झालं, आणि साइड जवळजवळ नाहीसा. २०० हर्ट्झचं पोट त्या चिमुकल्या स्पीकरला झेपतच नाही. उरली फक्त काडीची टिकटिक. जिल्ह्यातले बहुतेक कान हे गाणं ह्याच छिद्रांतून ऐकणार. पोरानं तारांचा खालचा माइक चढवला. फोनवर साइड परत आला. पण हेच गाणं शेगावच्या मिरवणुकीत ट्रकवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरांवर लागलं तर त्या तारा कानात घुसतील, हे मालकाच्या लक्षात आलं, आणि वाद सुरू झाला. पोर म्हणे मधलं काढू, मालक म्हणे फोन आधी.

काकांनी तोवर चाबी घेतली होती. रात्री नांदुऱ्याकडं वरात होती. वरचं पान ते पुन्हा चढवत होते, समोरासमोर, पाव फेरा, पाव फेरा. "दोन फाइला कर न बे," मान वर न करता ते म्हणाले, "फोनची येगळी, ट्रकची येगळी. मी नाई का करून राह्यलो?"